‘कंपनीचा वडा’

१२. हुमनाबादच्या स्टँडवरच्या मिरची भज्याशी तुलना करताना लेखकाचा रोख मुंबईकडच्या साखळी-दुकानांवर आहे. धीरज गुप्ता यांनी २००१ साली मालाड स्टेशनजवळ थाटलेल्या दुकानातून ‘जंबोकिंग’ उभे राहिले. वेंकटेश अय्यर आणि शिवदास मेनन यांनी २००४ मध्ये कल्याणला ‘गोली वडापाव’ सुरू केले. वडापाव मात्र त्याआधीचा : दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्य यांच्या गाडीला, १९६६ च्या सुमारास, त्याचे श्रेय दिले जाते. ‘गोली’चा वडा कारखान्यात वळून, गोठवून दुकानात येतो, तिथे फक्त तळायचा. म्हणून बीदर-कलबुर्गीकडे भज्याची चव तळणाऱ्याच्या हातावर ठरते, तशी इथे ठरत नाही. नाव आणि पाककृती कंपनीची. गाळ्याचे भाडे, पोऱ्यांचे पगार आणि मंदीचे दिवस फ्रँचाइझी घेणाऱ्याचे. लेखक त्याला ‘कंपनीचा नोकर’ म्हणतो, ते अन्यायाचे वाटते. नोकराला महिनाअखेर पगार तरी मिळतो. भालकी-बसवकल्याणच्या बाजारातल्या कुणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. कमिशन एकाचे, जोखीम दुसऱ्याची, हा आडतीचा धंदा त्यांच्या ओळखीचा आहे.