बासष्टचे पळपुटे आणि पासष्टचे शूर

दिवाळीला काटोलच्या घरी सगळे जमलो की फराळासोबत एक विषय ठरलेला. लढाया! घरात बंदूक फक्त एकाच माणसाने धरलेली, पण रणनीती सगळ्यांना पाठ.

तर झालं असं, २००६ ची दिवाळी. अंगणात खाटा टाकलेल्या, संत्र्याचा तोडा चालू असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता. काकांनी सुरुवात केली, "अबे, बासष्टात आपले लोक नुसते पळून राहिले होते. अन् पासष्टात काय, पॅटन म्हणजे डबा होता डबा! एकटा अब्दुल हमीद पुरला ना सगळ्यांले." धाकटा चुलतभाऊ म्हणाला, इंग्रज अफसर होते तोवरच फौज बरी होती. मी तेव्हा नुकतंच ब्रिगेडियर दळवींचं पुस्तक वाचलेलं, त्यामुळे अंगात आलेलं. मी म्हणालो, "काही म्हणा, पण बोमडिलाहून पळाले हे तर खरंच ना?"

मोठे मामाजी कोपऱ्यात चिवडा खात बसले होते. ते जबलपूरला सिग्नलमध्ये भरती झालेले. काम टेलिफोनची तार टाकायची, तुटली की जोडायची. बासष्टात ते नेफात होते आणि महिनाभर घरी त्यांचा पत्ता नव्हता, एवढंच आम्हाला ठाऊक. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तार तं शाबूत होती रे बाप्पा. हुकूमच तुटका होता."

आणि चहा मागितला. विषय तिथेच संपला.

त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, आणखी चार पुस्तकं वाचल्यावर लागला. मामाजी ज्या चौथ्या डिव्हिजनमध्ये होते ती काही ऐरीगैरी नव्हती. लाल गरुडाचं चिन्ह लावणारी ही डिव्हिजन दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला एरिट्रियात केरेनला लढली, १९४४ ला इटलीत कॅसिनोला लढली. मैदानी लढाईसाठी तयार झालेली ही फौज १९५९ च्या अखेरीस पंजाबातून उचलून नेफाच्या डोंगरात पाठवली. पूर्व विभागाचे प्रमुख जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे, यांनी मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन या सीमेवर काय काय कमी पडेल ते वरिष्ठांसमोर मांडलं होतं. ऐकलं कोणी? थोरात १९६१ ला निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी लढाई आली.

१७ नोव्हेंबर १९६२ चा दिवस बघा. से-ला ही सुमारे १३,७०० फुटांवरची खिंड. तिच्या पुढे नुरानांगला चौथ्या गढवालने त्या दिवशी चिन्यांचे हल्ले परतवून लावले. तिथल्याच रायफलमन जसवंतसिंग रावतांची दंतकथा आता सगळीकडे फिरते. एकट्याने ७२ तास लढले, ३०० चिनी मारले वगैरे. खरं काय घडलं? तीन जवान सरपटत गेले आणि चिन्यांची मशीनगन बंद पाडली. तिघांतला एकच जिवंत परतला. जसवंतसिंगांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. आणि पलटणीला त्याच रात्री मागे यायचा हुकूम झाला, मग ७२ तास बसणार कुठे? मला विचाराल तर खरी गोष्टच जास्त मोठी आहे.

त्याच संध्याकाळी मागे काय चाललं होतं? चिनी फौज पायवाटांनी पिछाडीला उतरत होती. डिव्हिजनचे कमांडर माघारीची परवानगी मागत होते. कोअर कमांडर जनरल कौल जागेवर नव्हते. तेजपूरला खुद्द लष्करप्रमुख आणि पूर्व विभागाचे प्रमुख हजर होते, पण निर्णय कौलांनीच घ्यावा म्हणून दोघे थांबले. कौल आले आणि शेवटी हुकूम गेला तो असा, की जमेल तितकं टिकून राहा, अगदीच अशक्य झालं तर मागे या. म्हणजे नेमकं काय करायचं? रात्रीत से-ला सुटलं, बोमडिलाही गेलं. कित्येक जवान भूतानमार्गे पायी परतले.

तुटका हुकूम तो हाच.

आता पासष्ट. हीच चौथी डिव्हिजन, आता माउंटन डिव्हिजन झालेली, खेमकरणला होती. मामाजीही तिथेच होते. ६ सप्टेंबरच्या चढाईत तिचे हाल झाले, पण ती असल उत्तरला मागे आली आणि या वेळी मागे येण्याचा बेत पक्का होता. उसाच्या शेतांआड घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली, शेतांत पाणी सोडलं. पॅटन डबा मुळीच नव्हता, चांगला रणगाडा होता. तो चिखलात रुतला आणि बाजूने मार खाल्ला. समोर आपले सेंच्युरियन होते आणि महायुद्धातले जुने शर्मनसुद्धा. शर्मनवाल्या डेक्कन हॉर्सचे कमांडर अलिबागचे अरुणकुमार वैद्य, जे १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांचं शौर्य वादातीत आहे, पण ते एकटे नव्हते. भारतीय नोंदींप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. आणि हेही सांगायला हवं, की युद्धबंदी झाली तेव्हा खेमकरण गाव पाकिस्तानच्याच ताब्यात होतं.

डिव्हिजन एकच. मग तीन वर्षांत रक्त बदललं का? नाही. कुठे थांबायचं ते ठरलेलं होतं आणि सांगणारा जागेवर होता. 'पळाले' म्हटलं की वरचे सुटतात, आणि 'एकट्याने तीनशे मारले' म्हटलं तरी वरचेच सुटतात. दोन्हीकडे शिपाईच आपल्या कामाला येतो.

मामाजी २०११ ला गेले. बासष्टात महिनाभर ते कुठे होते, काय खाल्लं, कुठून चालत आले, मी कधीच विचारलं नाही. त्या दिवाळीनंतर पाच दिवाळ्या मिळाल्या होत्या. चहा घेऊन शेजारी बसायचं, बस्स. पण मी 'पळाले' म्हणालो होतो, आणि ते आठवलं की विचारायची हिंमत होत नसे.

असो. काका अजून तोच वाद घालतात. मी आता फक्त तो एक शब्द वापरत नाही. तुमच्या घरी असं कोणी कोपऱ्यात चिवडा खात बसलं असेल, तर या दिवाळीत आपलं ज्ञान जरा बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा.