मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आणि परळीचा विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ : छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठ. स्थापना २३ ऑगस्ट १९५८. बीड जिल्हा याच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने परळी वैजनाथच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या अनेकांचे पुढचे शिक्षण येथे होते. परळी हे रेल्वे जंक्शन. परभणीमार्गे गाडी थेट संभाजीनगरला नेते.

शहराजवळच्या लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी पसरलेल्या परिसरात विविध विभाग, ग्रंथालय, क्रीडांगण, मुलामुलींची वसतिगृहे आहेत. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांना वसतिगृहातील खोली, खानावळ आणि अभ्यासिका हाच मोठा आधार. ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी परिसरातच काम करून खर्च भागवतात. या परिसराची सर्वांत मोलाची सोय हीच म्हणावी लागेल. केंद्रीय युवक महोत्सवात संलग्न महाविद्यालयांचे संघ उतरतात. नाट्यशास्त्र विभागाने मराठी रंगभूमीला कलावंत दिले.

येथील विद्यार्थिजीवन मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यासाठी झालेल्या नामांतराच्या लढ्यापासून वेगळे काढता येत नाही. विधिमंडळाचा ठराव १९७८चा. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्या दिवशी दरवर्षी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक अभिवादनासाठी जमतात.