सुलभा देशपांडे : शाळा, रंगमंच आणि पडदा

नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो. चित्रपट मात्र मागे उरतो. अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिताना या साध्या भेदामुळे मूल्यमापनाचा तोल सहज ढळतो. सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांच्या बाबतीत हेच घडले आहे. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधील सासू म्हणून त्या नव्या प्रेक्षकांना परिचित झाल्या; परंतु केवळ चित्रपटांच्या यादीवरून त्यांचे ऐतिहासिक स्थान निश्चित करता येत नाही.

दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका असताना विद्यार्थ्यांची नाटके बसविण्याच्या निमित्ताने त्यांचा रंगभूमीशी संबंध दृढ झाला. पुढे 'रंगायन'मध्ये पती अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले आणि लीला बेणारे ही भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. बेणारे ही अविवाहित, गर्भवती शिक्षिका. वेळ घालविण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला बघता बघता तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड करू लागतो. प्रारंभीचा खट्याळ, काहीसा आक्रमक उत्साह आणि अखेरच्या प्रदीर्घ स्वगतातील उद्ध्वस्तता ही दोन टोके एकाच देहबोलीतून सांधणे हे या भूमिकेचे खरे आव्हान होय. बाहेर स्वतः वर्गात शिकविणारी अभिनेत्री ती उभी करीत होती, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये याच नाटकावर चित्रपट केला व त्यातही बेणारे त्यांनीच साकारली. संशोधकाच्या दृष्टीने हा दस्तऐवज मोलाचा आहे. मात्र तो मूळ प्रयोगाची नोंद नव्हे. कॅमेऱ्यासमोरील बेणारेला प्रेक्षागृहातील स्तब्धतेची साथ नसते.

चित्रपटाने त्यांना पुन्हा अशी मध्यवर्ती भूमिका क्वचितच दिली. 'भूमिका' (१९७७) मधील नायिकेची आई किंवा 'चौकट राजा' (१९९१) मधील मतिमंद मुलाची आई या व्यक्तिरेखा दुय्यम असूनही ठसठशीत आहेत. तरी 'आई' या एका साच्यात इतकी समर्थ अभिनेत्री बसविली जावी, हा हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीच्या कल्पनादारिद्र्याचाच पुरावा मानावा लागेल.

त्यांच्या अष्टपैलुत्वाला खरा वाव मिळाला तो संस्थात्मक कार्यात. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, अरुण काकडे आदींसह त्यांनी 'आविष्कार'ची स्थापना केली. १९७४ पासून छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकांचे केंद्र बनले. शिक्षिकेची शाळाच रंगभूमी झाली. १९८७ हे वर्ष पतीच्या निधनाचे, तसेच संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचे. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला' या बालविभागाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. या विभागाच्या 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्याचे प्रयोग पुढे अनेक वर्षे होत राहिले. त्यांतील मुले मोठी झाली आणि त्यांच्या जागी नवी मुले आली.