पाळीव उंदराचा आहार

मुलांच्या हट्टापायी घरी उंदीरमामा आले असतील, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: उंदराला उलटी होत नाही. अपायकारक काही पोटात गेले, तर ते बाहेर पडत नाही.

प्रौढ उंदराला रोज साधारण १५ ते २० ग्रॅम खाद्य पुरते. मुख्य आहार उंदरांसाठीच्या तयार गोळ्यांचा असावा. दाण्यांच्या मिश्रणातून तो आवडीचेच वेचून खातो. जोडीला थोडी ब्रोकोली, मटार किंवा बिया काढलेले सफरचंद द्यावे. मीठ-फोडणीआधी बाजूला काढलेला चमचाभर वरणभातही चालतो. कच्चा राजमा, कांदा, चॉकलेट, फरसाण, मिठाई मात्र कटाक्षाने टाळावी. उंदीर रात्री जागा असतो, म्हणून खाणे संध्याकाळी द्यावे. ताजे पाणी सदैव हवे. त्याने खाणे सोडल्यास प्राण्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.