उमेदवाराची पारख

वडगावच्या विणकराला आपल्या हुन्नराचा दाखला कोणापुढे वाचून दाखवावा लागत नसे. वडगाव, शहापूर, खासबाग ही बेळगावच्या दक्षिणेकडील मागांची जुनी वस्ती. तेथे ताणा कसा लागला, काठ सरळ उतरला की नाही, हे लुगडेच सांगे. परंतु त्याच घरातील मुलगा ज्या दिवशी कचेरीत नोकरी मागावयास निघाला, त्या दिवशी त्याच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. केलेले काम हाती नसताना आपली लायकी परक्या माणसास पटवावी कशी? मुलाखतीचा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

मराठेशाहीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा अक्षर देत असे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. संपूर्ण ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, इतका सारखेपणा त्यांना अपेक्षित होता. बाळाजी आवजी चिटणीस यांचे सुंदर अक्षर पाहून शिवाजी महाराजांनी त्यांना पदरी घेतले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथेचा तपशील कसाही असो, तिच्यातील मर्म खरे आहे. अक्षर एका रात्रीत सुधारत नाही. वळणदार अक्षरात वर्षांची मेहनत आणि स्वभावातील शिस्त दिसते. म्हणूनच पारखी माणूस त्यावर विश्वास ठेवी.

१८१८ साली बेळगाव इंग्रजांच्या हाती गेले आणि १८३६ मध्ये बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत ‘उमेदवार’ हा शब्द विशेष अर्थाने रुळला. मुळात तो फारसी ‘उमेद’ या शब्दावरून आलेला. जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी नकला करणारा, दफ्तराचे रुमाल बांधणारा तरुण तो उमेदवार. ही एक प्रकारे महिनोन्‌महिने चाललेली मुलाखतच होती. तथापि ज्याच्या घरची चूल त्याच्या पगाराविना पेटत असे, त्यालाच ती परवडे. रोजच्या मजुरीवर पोट असलेल्या घरातील मुलाने उमेद बाळगावी तरी किती दिवस? पुढे व्हर्नाक्युलर फायनल आणि मॅट्रिक या परीक्षांचे दाखले आले. त्यांनी वशिल्याला थोडा तरी पायबंद घातला. पण दाखल्यामागचा माणूस पाहण्याची गरज काही संपली नाही.

ही गरज ओळखणारा एक पारखी बेळगावनेच पाहिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लायकी असूनही नाकारले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. ते बेळगावास परतले. तेथे बंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचा धंदा केला आणि मग कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली, तेव्हा लक्ष्मणरावांनी जमविलेली माणसे लक्षात घेण्याजोगी होती. शंभूराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर यांच्यापाशी मोठ्या पदव्या नव्हत्या. कोणी शिक्षणात अपयशी ठरलेलाही होता. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यासारखे शिक्षा झालेले लोक तर पहारेकरी म्हणून विश्वासाला पात्र ठरले. कागदावर ज्यांची गणती झाली नसती, त्यांना हातातील कामाने बोलण्याची संधी मिळाली.

प्रत्येक उमेदवारास असा पारखी लाभत नाही. आज त्याला पंधरा-वीस मिनिटांतच आपली ओळख पटवावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात. तेथे पाठांतर पुन्हा तपासले जात नाही. बुद्धीची तरतरी, स्पष्ट मांडणी, निर्णयातील समतोल आणि सचोटी पाहिली जाते. नीटनेटका पोशाख, वेळेपूर्वीची हजेरी, क्रमाने लावलेली कागदपत्रे यांचे महत्त्व आहेच. तो लुगड्याचा काठ होय. परंतु काठ शोभतो तो पोत घट्ट असेल तर. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीविषयी दोन वाक्ये खरेपणाने बोलता येणे आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे शांतपणे सांगता येणे, ही खरी तयारी.

सीमाभागातील तरुणाच्या वाट्यास आणखी एक कसोटी आली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि त्या राज्याच्या नोकरीसाठी कन्नड आवश्यक ठरली. घरी मराठी, कचेरीत कन्नड, मोठ्या कंपनीत इंग्रजी. या तिहेरी ओझ्याची तक्रार गैर नाही; मातृभाषेत विचार करणाऱ्याला परभाषेत तोलले जाताना तो उणा भासण्याचा धोका असतोच. पण ज्याने बाजारात, शाळेत आणि शेजारात या भाषा वापरल्या आहेत, त्याच्यापाशी एक भांडवलही आहे. तीन माणसांशी तीन रीतींनी बोलून एकच खरी गोष्ट सांगता येणे, हे कोणत्याही कचेरीला उपयोगी पडणारे कसब आहे. ते कसब मुलाखतीच्या आदल्या रात्री येत नाही. चांगल्या अक्षराप्रमाणे तेही रोज थोडेथोडे घोटावे लागते.