रोमेरोंची रविवारची यादी

ख्रिस्ती लोकांचा प्रायश्चित्तकाळ म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस. वसईकडच्या श्रोत्यांना हे सांगायला नकोच. उपास, प्रार्थना, दानधर्म आणि आपलं चुकलं ते कबूल करणं. आजची गोष्ट याच दिवसांतली, पण मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशातली. तिथे कॉफीचे मळे मोजक्या घराण्यांचे आणि लष्कर त्यांच्या पाठीशी.

फेब्रुवारी १९७७ मध्ये ऑस्कर रोमेरो राजधानीचे आर्चबिशप झाले. पुस्तकांत रमणारा, जुन्या वळणाचा, भिडस्त माणूस. बड्या लोकांना हायसं वाटलं. पण तीनच आठवड्यांत, १२ मार्चला, त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. गाडीत एक म्हातारा आणि एक पोरगा होता, तेही गेले. २० मार्चच्या रविवारी रोमेरोंनी धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. त्यांच्या वरिष्ठांना हे अजिबात आवडलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं दर रविवारी त्यांचं प्रवचन वायएसएएक्स या चर्चच्या रेडिओवरून देशभर जायचं. आधी बायबलवर बोलायचे आणि मग आठवड्याची हकीकत सांगायचे. कोणाला मारलं, कोणाला उचलून नेलं, कुठल्या गावात, सगळं नावांसकट. वर्तमानपत्रं यातलं फारसं छापत नव्हती. चर्चचं कायदेशीर मदतीचं कार्यालय माहिती जमवायचं. घरचे लोक तिथे येऊन सांगायचे, तरुण वकील ते लिहून घ्यायचे, तपासायचे. रोमेरोंची शेवटची आज्ञा सगळ्यांना ठाऊक असते, या यादीबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र यादीचंच जास्त वाटतं. एकदा जोशात बोलून जाणं जमतं हो. दर आठवड्याला नाव-गाव तपासून, पुढच्या रविवारी तुमचंच नाव यादीत येऊ शकतं हे माहीत असताना वाचत राहणं, हे वेगळं काम आहे.

१९८० चा प्रायश्चित्तकाळ सुरू होता होताच रेडिओ स्टेशन बॉम्बनं उडवलं. त्याच सुमारास रोमेरोंनी अमेरिकेच्या अध्यक्षांना, कार्टरना, लष्करी मदत देऊ नका असं पत्र लिहिलं. मार्चमध्ये ते जिथे मिस्सा करत होते त्या चर्चमध्ये डायनामाइट भरलेली बॅग सापडली. ती फुटली नाही, एवढंच. फेब्रुवारीच्या शेवटी ते एकांत-साधनेला गेले होते. तिथल्या टिपणांत त्यांनी आपल्याला हिंसक मृत्यूची भीती वाटते, तो स्वीकारणं जड जातंय, असं सरळ लिहिलंय. संत म्हटलं की आपण भीती पुसून टाकतो. इथे ती त्यांच्याच अक्षरात आहे.

२३ मार्च, प्रायश्चित्तकाळाचा पाचवा रविवार. रेडिओ पुन्हा सुरू झालेला. लांबलचक प्रवचन, नेहमीसारखी हकीकत, आणि शेवटी ते थेट साध्या शिपायांशी बोलले. तुम्ही मारताय ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, देवाच्या कायद्याविरुद्धचा हुकूम पाळायला कोणी बांधील नाही. आधी विनवणी केली, मग देवाच्या नावानं आज्ञा दिली, हे दमन थांबवा. रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. स्पॅनिश येत नसलं तरी ऐका, टाळ्यांमुळे त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागतं. लष्कराच्या दृष्टीनं ही सरळसरळ बंडाची चिथावणी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते राहत होते त्या कॅन्सर हॉस्पिटलच्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना एकच गोळी आली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगानं या खुनाचा हुकूम माजी मेजर रोबेर्तो द'ओबिसोन यांचा होता असा निष्कर्ष काढला. तोवर ते वारले होते.

अंत्यविधी ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी झाला. कॅथेड्रलसमोरच्या गर्दीत बॉम्ब फुटला, गोळीबार आणि चेंगराचेंगरी झाली, कित्येक माणसं मेली. त्या आठवड्याची यादी वाचायला रोमेरो नव्हते.