दिनविशेष : ८ नोव्हेंबर
काझुओ इशिगुरो (जन्म : १९५४)

ब्रिटिश कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांचा आज जन्मदिन. जन्म नागासाकीचा, त्या शहरावर पडलेल्या अणुबॉम्बमधून त्यांच्या आई वाचल्या होत्या. समुद्रशास्त्रज्ञ वडिलांना ब्रिटनमध्ये संशोधनाचे काम मिळाल्याने १९६० मध्ये कुटुंब गिल्डफर्डला आले. मुक्काम तात्पुरता ठरला होता, पण परतणे झालेच नाही. तरुणपणी त्यांना गीतकार व्हायचे होते. पुढे ईस्ट अँग्लिया विद्यापीठात त्यांनी सर्जनशील लेखनाचे शिक्षण घेतले आणि १९८२ मध्ये पहिली कादंबरी आली, ‘अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स’.

‘द रिमेन्स ऑफ द डे’ला १९८९ चे बुकर मिळाले. मालकाच्या सेवेत हयात घालवलेला बटलर स्टीव्हन्स स्वतःचीच कहाणी सांगतो. मालक नाझींच्या बाजूला झुकला होता आणि आपले प्रेम हातचे निसटले, हे मात्र वाचकाला त्याच्या आधी कळते. निवेदकाने दडवलेले असे वाचकाला ऐकवणे, हेच इशिगुरोंचे खरे सामर्थ्य. या कादंबरीचा पहिला खर्डा त्यांनी जेमतेम चार आठवड्यांत लिहून काढला होता! १९९३ मध्ये या कादंबरीवर आलेल्या चित्रपटाचे एक निर्माते होते मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट.

‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) मधली अवयवदानासाठीच वाढवलेली मुले तर वाचकाची पाठ सोडत नाहीत. २०१७ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. नंतर ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) आली. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘इकिरू’ या चित्रपटावरून लिहिलेल्या ‘लिव्हिंग’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर नामांकनही लाभले.